आस्कलबींची भावकी

हात पुढे करून म्हातारा नुसतं आडनाव सांगायचा आणि थांबायचा. ‘आस्कलबी.’ बस्स. ना पहिलं नाव, ना हुद्दा. समोरच्याचा हात हातात धरून तो त्याच्या तोंडाकडे बघत राहायचा. मला आधी वाटलं, साहेब लोकांची काहीतरी रीत असेल. पुढे कळलं, की तो वाट बघत असायचा. समोरचा माणूस कधीतरी म्हणेल, ‘आस्कलबी? अरे, माझ्या ओळखीचा एक आस्कलबी आहे की!’ कुणीच कधी म्हणालं नाही. मग तो हात सोडायचा आणि म्हणायचा, ‘हरकत नाही. छोटं कुटुंब आहे आमचं.’

मी त्याला आमच्याकडची ‘छोटं कुटुंब, सुखी कुटुंब’ ही सरकारी पाटी सांगितली होती. त्यावर तो खूप हसला आणि मग म्हणाला, ‘पहिलं खरं आहे.’

मी कुवेतला गेलो तो नव्वदच्या दशकात, लढाई संपून थोडी वर्षं झाली होती तेव्हा. मी नाशिकचा, पाइपिंग इंजिनियर. रिफायनरीची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराच्या ड्रॉइंग ऑफिसात मी लागलो आणि हा इंग्रज म्हातारा तिथे चेकर होता. आम्ही काढलेलं ड्रॉइंग तपासून लाल पेन्सिलनं चुका दाखवायच्या, हे त्याचं काम. पाइपलाइनच्या प्रत्येक रेघेला एक सुरुवात लागते आणि एक शेवट लागतो. ही लाइन अमुक टाकीतून निघाली, तमुक पंपाला पोचली. घाईत कुणी सुरुवात लिहायला विसरलं, की ड्रॉइंग परत टेबलावर यायचं आणि त्या रेघेच्या टोकाशी लाल अक्षरात एकच शब्द असायचा : ‘कुठून?’

त्या ‘कुठून’नं आम्हाला जेरीस आणलं होतं. चहाच्या वेळी कुणी उशिरा आला, तरी आम्ही एकमेकांना तेच विचारायचो.

त्याच्या टेबलावरच्या प्रत्येक वस्तूवर आडनाव लिहिलेलं असे. फूटपट्टीवर, स्टेपलरवर, खुर्चीच्या पाठीवर, चहाच्या स्टीलच्या ग्लासवर. ऑफिसात सगळे म्हणायचे, गोऱ्याला चोरीची भारी भीती. मीही तेच समजत होतो. एकदा मी त्याला सहज चिडवलं, ‘तुमची फूटपट्टी कोण नेणार आहे हो?’ तर म्हणाला, ‘नेली तरी चालेल. कुठेतरी लिहिलेलं दिसायला हवं ना.’

कुणी सुट्टीवर निघालं, की हा हजर. ‘जिथे उतरशील तिथल्या टेलिफोन डिरेक्टरीत एवढं आडनाव बघशील?’ मनिलाला जाणाऱ्या सेक्रेटरीलाही सांगायचा आणि कैरोला जाणाऱ्या अकाउंटंटलाही. मी मुंबईला उतरल्यावर खरोखर डिरेक्टरी उघडली होती. मुंबईत कुठला आस्कलबी! पण त्याला खोटं कसं सांगायचं? परत आल्यावर ‘नाही मिळालं’ म्हणून सांगितलं, की तो बिस्किटांचा पुडा हातात ठेवायचा. बघितल्याबद्दल. त्याच्या त्या बिस्किटांवर आमचं ऑफिस पोसलं जात होतं.

बोलायला कुणी नव्हतंच त्याला. बायको आधीच गेली होती. एकुलती एक मुलगी ऑस्ट्रेलियात. तिनं लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावलेलं. ‘त्या आडनावाची माणसं रस्त्यात एकमेकांना धडकतात,’ असं तो तोंड वाकडं करून म्हणायचा. एकदा आमच्याकडे जेवायला आला असताना माझ्या बायकोनं त्याला सांगितलं, आमच्यात तर लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात, माझंही बदललंय. तो चमच्यातली आमटी तशीच धरून तिच्याकडे बघत राहिला. ‘आणि तू बदलू दिलंस?’ ती म्हणाली, ‘विचारलंय कुणी?’ त्या दिवसापासून तो तिला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारू लागला. कुवेतात ते नाव घेणारा तो एकटाच होता. तिला ते किती आवडायचं, हे मला फार उशिरा कळलं.

शुक्रवारी सुट्टी. शुक्रवारी सकाळी हा टाय लावून दस्मानला समुद्राकाठी फिरायला जायचा. एकटाच. मग मिरकाबच्या जुन्या इमारतीतल्या खोलीवर जाऊन अंडं आणि खुबूस, म्हणजे तिथली रोटी, खायचा. एकदा आजारी पडला म्हणून मी आणि बायको मुगाची खिचडी घेऊन तिकडे गेलो, तेव्हा भिंतीवरचा तो कागद पाहिला. अख्ख्या भिंतीएवढा. पाइपिंगच्या ड्रॉइंगसारख्या रेघा, प्रत्येक रेघेला सुरुवात आणि शेवट. त्याचं कुळ होतं ते. ताप विसरून म्हातारा उठला आणि पट्टी घेऊन समजावून सांगू लागला.

इंग्लंडच्या उत्तरेला समुद्रापलीकडून होड्या घेऊन आलेले दर्यावर्दी स्थायिक झाले. त्यांतला एक आस्कल. त्याची ती वाडी. बी म्हणजे त्यांच्या भाषेत वाडीच. पुढे त्या वाडीत राहणाऱ्यांना बाहेरचे लोक आस्कलबी म्हणू लागले. मी म्हटलं, ‘यात काय नवल? आमच्याकडे निम्मी आडनावं अशीच. गावावरून.’ त्याला इतका आनंद झाला की त्यानं माझा हातच धरला. मग विचारलं, ‘आणि तुमची ती गावं आहेत अजून?’

आहेत म्हणजे काय, जातील कुठे?

त्याचं नव्हतं. जमीनदाराला मेंढ्यांसाठी कुरण हवं झालं, त्यानं माणसं हुसकली, घरं पाडली. गाव गेलं, नाव तेवढं एका घराण्याबरोबर राहिलं. तो स्वतः जाऊन बघून आला होता. गवताखाली घरांचे उंचवटे दिसतात म्हणाला, त्यावर मेंढ्या चरतात. हळूहळू घराणंही आटलं. कागदावर रेघा एकेक करून थांबत गेल्या होत्या आणि खाली उजव्या कोपऱ्यात एकच रेघ उरली होती. तो स्वतः.

‘आणि ही?’ बायकोनं विचारलं. मधेच एक रेघ सुरू होऊन हवेत सुटली होती. तिच्या टोकाशी लाल प्रश्नचिन्ह.

‘हा धाकटा भाऊ. वेस्ट इंडीजला गेला. उसाच्या धंद्यात नशीब काढलं म्हणतात,’ तो अभिमानानं म्हणाला. ‘पुढचं कळत नाही. माझी सगळी आशा या रेघेवर आहे.’

मला वेस्ट इंडीज म्हटल्यावर क्रिकेटच आठवलं आणि मी तसं बोललोही. तो हसला, मीही हसलो. दोघांच्याही डोक्यात काही आलं नाही. त्या माणसाला मरणाची भीती नव्हती, मी शपथेवर सांगतो. भीती होती ती शेवटचा असण्याची.

माझे वडील गेले त्या वर्षी मला वेळेवर पोचता आलं नाही. पासपोर्ट कंपनीकडे, कागदपत्रं बघणारा मंदूब सुट्टीवर. अग्नी धाकट्यानं दिला. पुढच्या पितृपक्षात मी फरवानियाच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ताम्हण घेऊन तर्पणाला बसलो होतो, नाशिकहून आणलेले दर्भ, काळे तीळ. तेवढ्यात म्हातारा दारात. माझी गाडी बिघडली होती म्हणून मला न्यायला आलेला. बायकोनं त्याला खूण करून बसवलं. तो बूट काढून, हात गुडघ्यांवर ठेवून सगळं बघत राहिला.

नंतर गाडीत विचारू लागला. वडील, आजोबा, पणजोबा, तिघांची नावं घेतोस? घ्यावीच लागतात. आणि आडनाव?

‘आडनाव नाही घेत. नाव आणि गोत्र.’

‘आडनाव नाही?’ त्यानं गाडीच हळू केली. तशीही तो ती बैलगाडीसारखी चालवायचा, मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमायचे. ‘मग पाणी योग्य माणसाला पोचतं कसं?’

मी म्हटलं, गोत्रावरून. गोत्र म्हणजे मूळ. कुठल्या ऋषीपासून आलो ते.

‘म्हणजे कुठून ते.’

‘हो. तुमचं ते कुठून.’

‘आणि ज्याला ते माहीतच नाही त्यानं काय करायचं?’

‘त्यानं काश्यप म्हणायचं. ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप. सगळे जीव त्याच्यापासूनच झाले म्हणतात, म्हणून.’

म्हातारा नाकातल्या नाकात हसला. ‘सोयीचं आहे. चेकर म्हणून मी हे पास केलं नसतं.’

असेल. ज्याला आपलं कूळ पार होड्यांपासून ठाऊक, त्याला सोय कशाला लागते?

आता परब. परब आमच्या साइटवर फिटर होता, कोकणातला. फरवानियातच एका खोलीत गाववाल्यांबरोबर राहायचा, बायकोपोरं गावाला. त्याच्या वाडीत झाडून सगळे परब. हे कळल्यावर म्हाताऱ्यानं त्याला विचारलं होतं, ‘मग पोस्टमन काय करतो?’ परब म्हणाला, ‘काय करतलो? पयल्या घरात सगळीच पत्रां टाकून जाता.’ मी भाषांतर केलं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जो हेवा होता, तो मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. परबला मात्र त्याची कीव आली. ‘भावकी नाय म्हणजे मेल्यार खांदो देवक कोण?’ असं तो मला बाजूला घेऊन म्हणाला आणि त्यानं म्हाताऱ्याची भावकी शोधायचं काम मनावर घेतलं.

रिफायनरीचं शटडाऊन होतं. म्हणजे युनिट बंद करून डागडुजी. अशा वेळी बाहेरून थोड्या दिवसांसाठी पुष्कळ माणसं येतात. परबचा साइटवरून फोन आला. आवाज नुसता फुललेला.

‘साहेबानु, म्हाताऱ्याचो भाऊ गावलो!’

‘काय सांगतोस!’

‘हेल्मेटार नाव वाचलंय. वेल्डिंग इन्स्पेक्टर असा, इंग्लंडसून इलो. मी इचारलंय, तो म्हणता आस्कलबीच.’

मी म्हाताऱ्याला आधी सांगणारच होतो. बायको म्हणाली, सांगू नका, शुक्रवारी दोघांनाही जेवायला बोलवा, समोरासमोर भेटू देत. आपल्याकडे दुरावलेली भावकी अशीच भेटवतात, पंक्तीला. तिनं पुरणाचा घाट घातला. परब आदल्या दिवशी केळीची पानं शोधून घेऊन आला, कुठून ते त्यालाच ठाऊक.

म्हातारा आधी आला. टाय लावून. मग बेल वाजली, परब इन्स्पेक्टरला घेऊन आत आला आणि मी बघतच राहिलो. उंच, रुंद खांद्यांचा, काळाभोर माणूस. मी परबकडे डोळे वटारून हळूच म्हटलं, ‘अरे, आधी सांगायचंस ना!’

‘काय सांगूचा?’

‘काळा आहे तो!’

परबला कळेचना. ‘त्येच्यात काय? आमच्या घरात बघा, थोरलो गोरोपान, मी असो कोळसो. आडनाव एकच ना?’

तोवर म्हातारा उठून हात पुढे करून उभा होता. ‘आस्कलबी,’ तो सवयीनं म्हणाला आणि थांबला.

‘आस्कलबी,’ तो माणूस म्हणाला.

हात हातात तसाच राहिला. आयुष्यभर ज्या उत्तराची वाट बघितली ते हे असं आलं. म्हाताऱ्याच्या तोंडून त्याचा तोच शब्द आला. ‘कुठून?’

इन्स्पेक्टर शांत माणूस होता. त्यानं बेटाचं नाव सांगितलं. आईबाप तिथून इंग्लंडला आलेले. बेटावर उसाचा मोठा मळा होता, आस्कलबींचा. ‘माझ्या पणज्याच्या पणज्याला ज्यानं विकत घेतलं, त्याचं नाव आम्हाला पडलं,’ तो म्हणाला. ‘गुरांवर डाग देतात ना, तसं.’ आवाज चढवला नाही की काही नाही.

मला त्या भिंतीवरचा कागद आठवला, हवेत सुटलेली ती रेघ. म्हाताऱ्यालाही तीच दिसत असणार. ‘नशीब काढलं म्हणतात,’ असं तो केवढ्या अभिमानानं म्हणाला होता!

आम्ही सगळे पानांवर बसलो. बायकोनं वाढलं. कुणी घासाला हात लावेना. म्हातारा एकदम उठू लागला. ‘मला माफ करा,’ एवढंच म्हणाला. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

‘बसा,’ बायको म्हणाली. मराठीत. ‘भरल्या पानावरून उठायचं नाही. माझ्या घरात नाही.’ भाषा कळायची गरजच नव्हती, तो बसला. हातातला तुपाचा तांब्या तसाच धरून तिनं पाहुण्याला तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, ‘तुमचं आधीचं नाव काय होतं? त्या लोकांनी पाडलं त्याच्या आधीचं?’

‘माहीत नाही. बोटीवर चढताना राहिलं मागे. कुणालाच माहीत नाही.’

‘मग काश्यप,’ ती म्हणाली. जसं काही मीठ हवंय का म्हणून विचारावं तसं. ‘अहो, सांगा ना त्यांना नीट. ज्याला माहीत नाही त्याचं काश्यप. कुणी बिनगोत्राचं राहत नाही.’

मी सांगितलं. इन्स्पेक्टर माझ्याकडे, तिच्याकडे बघत राहिला आणि पहिल्यांदा मोकळा हसला. ‘काश्यप,’ त्यानं म्हणून पाहिलं. ‘चालेल. हे तर फुकट मिळालं.’

मग ती म्हाताऱ्याच्या पानाशी आली. पोळीवर तूप वाढता वाढता म्हणाली, ‘आणि तुमचं?’

तिला काय विचारायचं होतं देव जाणे. कदाचित काहीच नाही, पंक्तीत एकाला विचारलं म्हणून दुसऱ्यालाही. ज्याला आपली वाडी, आपला आस्कल, आपल्या होड्या, सगळं पाठ होतं, तो माणूस पानाकडे बघत बसला. तूप ओघळून पानाबाहेर गेलं.

‘मला वाटत होतं मला माहीत आहे,’ तो म्हणाला. ‘पण नाही. माझंही तेच लिही. काश्यप.’

परबनं दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले. ‘मगे झाला की! एकच गोत्र, एकच आडनाव. जेवा आता, पोळ्यो थंड झाल्यो.’

आणि आम्ही जेवलो. मी रडलो, ते पुरणपोळीच्या आड कसंबसं लपवलं. जेवता जेवता म्हाताऱ्यानं भीत भीत विचारलं, ‘तुम्ही किती जण आहात?’

‘अख्खं गाव आहे,’ इन्स्पेक्टर म्हणाला. ‘चर्चच्या अंगणात सगळे आस्कलबीच पुरलेत. माझे तीन मुलगे आहेत. छोटं कुटुंब नाही आमचं.’

शटडाऊन संपलं, इन्स्पेक्टर गेला. मला वाटलं होतं, आता म्हातारा खूश होईल. नाव टिकलं, गावसुद्धा मिळालं, नुसतं मिळालं नाही तर परबच्या वाडीसारखं भरलेलं. पण तो आणखी एकटा झाला. हात पुढे करायचा, आडनाव सांगायचा, पण थांबायचा नाही. डिरेक्टऱ्या बघायला सांगणं बंद झालं. खुर्चीच्या पाठीवरचं नाव त्यानं एके दिवशी स्पिरिटनं पुसून काढलं. इन्स्पेक्टरचे अधूनमधून फोन यायचे, बेटावर एकदा चला म्हणून. ‘का जात नाही?’ मी विचारलं. म्हणाला, ‘कुठल्या तोंडानं जाऊ? तिथल्या प्रत्येक दारावर माझं नाव असेल.’

मी त्याला समजावायला बघितलं, की तुम्ही थोडंच काही केलंय. त्यावर तो म्हणाला, ‘चांगलं तेवढं माझं आणि वाईट त्यांचं, असं कसं? रेघ एकच आहे.’ चेकर होता ना.

शेजारी इराकात पुन्हा लढाई होणार असं दिसू लागलं, तेव्हा कंपनीनं म्हाताऱ्या माणसांना आधी घरी पाठवलं. मी विमानतळावर सोडायला गेलो. हातात एक छोटी बॅग. भिंतीवरचा कागद घेतलात ना, म्हणून विचारलं, तर हो म्हणाला. मग माझा हात धरून थोडा वेळ उभा राहिला, पूर्वीसारखा, आणि म्हणाला, ‘तिला माझा नमस्कार सांग.’ बायकोचं माहेरचं नाव घेऊन म्हणाला.

पुढे दर नाताळला कार्ड यायचं. त्या गवताळ उंचवट्यांच्या जवळच्या कुठल्याशा गावात खोली घेऊन राहिला होता. मग एका वर्षी कार्ड आलं नाही, आणि नंतर इन्स्पेक्टरचा फोन आला.

म्हातारा गेला होता. मुलगी लांब, तिला पोचायला उशीर होणार होता. आजारात शेजारणीला सांगून ठेवलं होतं त्यानं, काही झालं तर माझ्या भावाला कळवा, म्हणून नंबर दिला होता. ‘मी मुलांना घेऊन गेलो,’ इन्स्पेक्टर म्हणाला. ‘दार उघडलं त्या बाईनं. मी म्हटलं, मी आस्कलबी. तर ती माझ्या मागे बघायला लागली, आणखी कुणी येतंय का म्हणून.’

‘मग?’ मी विचारलं.

‘पेटी आम्हीच उचलली,’ तो म्हणाला. ‘मी आणि माझे तिघे. भिंतीवर तो कागद होता. ती रेघ त्यानं पुरी केली होती. माझ्या आजोबांपर्यंत, बापापर्यंत, माझ्यापर्यंत, पोरांपर्यंत. नावं मला फोनवर विचारायचा ती यासाठी, हे तिथे कळलं.’ मग म्हणाला, ‘तुझ्या बायकोनं आम्हाला जेवताना एक शब्द दिला होता. तो सांग ना पुन्हा. पोरं विचारतात.’

मी सांगितला. त्यानं तो दोनदा म्हणून घेतला.

त्या वर्षी सर्वपित्रीला मी फरवानियाच्या त्याच बाल्कनीत बसलो. वडील, आजोबा, पणजोबा झाले. तर्पणात शेवटी मित्रालाही पाणी देता येतं, म्हणून तीळ पुन्हा हातात घेतले आणि अडलो. म्हाताऱ्याचं पहिलं नाव कार्डावरसुद्धा कधी नव्हतं. गोत्र तेवढं माहीत होतं. काश्यप. ते म्हटलं, आणि मग, आम्ही कधी घेत नाही ते आडनाव घेतलं. पाणी सोडलं.

आतून बायकोचा आवाज आला. ‘आडनाव घेतलंत ना?’

‘घेतलं.’

‘मोठ्यानं घ्या. एवढ्यानं काय ऐकू जातंय त्यांना?’

मी आणखी एक पळी पाणी घेतलं आणि मोठ्यानं म्हटलं, ‘आस्कलबी.’ आणि थोडा वेळ थांबलो.